आधी कंस

परीक्षा तोंडावर आली की ताई आपल्या सहावीतल्या चिरंजीवांना माझ्या वसईच्या घरी आणून सोडते. घराण्यात मी गणिताचा माणूस समजला जातो. दहावीला मला गणितात किती पडले होते ते ताईला आठवत नाही आणि मी आठवण करून देत नाही.

"मामा, आधी काय सोडवायचं?"

"कंस."

"पण कंस तर मामाच असतो ना?"

पहिला तास इथेच आटोपला.

मग कंचेभागुबेव काढलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजी शाळेतली पोरं बोडमास म्हणतात. मला ते खोकल्याचं औषध वाटतं. त्यातला 'चे' म्हणजे '20 चे एक चतुर्थांश' मधला, हे मला नववीत कळलं. तोवर तो तोंड मोकळं व्हावं म्हणून घातलाय असं वाटायचं.

200 − 50 × 3 चं उत्तर पठ्ठ्याने 450 काढलं. त्याला शुक्रवारी पापडीच्या बाजारात नेलं. पन्नासला एक असे बोंबलांचे तीन वाटे घेतले, दोनशेची नोट दिली. मावशीने गुणाकार आधी केला नि पन्नास परत दिले. "साडेचारशे द्या ना," भाच्याने आशेने म्हणून पाहिलं. मावशीने कोयत्यावरून नजर वर करून त्याच्याकडे बघितलं. गुणाकार कायमचा बसला.

मग आलं 10 − 4 + 3. बेरीज आधी, म्हणून मी 3 सांगितलं. पुस्तकामागे 9. छपाईची चूक, असं मी ठणकावलं. दुसऱ्या दिवशी भाचा सरांना विचारून आला: बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच, डावीकडून जी आधी येईल तिचा नंबर. भागाकार-गुणाकाराचंही तेच. थोडक्यात, स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग. इतकी वर्षं मी ते सहा अक्षरी स्तोत्र शब्दशः पाळत होतो!

"सोपंय मामा. डब्यात दहा जण, वसईला चार उतरले, तीन चढले. किती?"

नऊ. नाइलाजाने.

परवा आम्ही दोघं दादरहून विरार लोकलने परतत होतो. वसई रोडला शेजारी दिव्याची गाडी नुकतीच रिकामी झाली होती. दारात उतरणारे आम्ही मोजके, फलाटावर चढणारे अख्खा गाव. त्यांनी बेरीज आधी केली.

आम्ही नालासोपाऱ्याला उतरलो.