मनगट सव्वासहा, घड्याळ शेहेचाळीस

डोंबिवलीच्या फलाटावर माणसं आडनावाने कमी आणि गाडीने जास्त ओळखली जातात. हे आठ-तेवीसवाले, ते आठ-एकोणचाळीसवाले. याच चालीवर आणखी एका जमातीला नाव द्यायला हरकत नाही: शेहेचाळीसवाले. हा आकडा गाडीच्या वेळेचा नाही, डाव्या हातावरच्या घड्याळाच्या व्यासाचा आहे, तोही मिलिमीटरमध्ये. शेहेचाळीसवाला ठाण्याच्या नौपाड्यात दिसतो, कल्याणच्या मुरबाड रोडवर दिसतो आणि दिवाळी पहाटेला फडके रोडवर तर घोळक्याने दिसतो. वय पंचवीस ते पंचावन्नमधलं काहीही, नोकरी बँकेत, आयटीत नाहीतर औषध कंपनीत, उंची मध्यम, वजन दरवर्षी थोडं वाढतं. मनगट मात्र कॉलेजात होतं तेवढंच: घेर सव्वासहा इंच. पगारवाढीचा परिणाम पोटावर होतो, मनगटाच्या हाडावर होत नाही, एवढी एक गोष्ट घड्याळ घेताना त्याच्या ध्यानात राहिलेली नसते. आठ-तेवीस आणि आठ-सत्तावीस यांतला चार मिनिटांचा फरक ज्याला झोपेतही कळतो, त्याला मनगट आणि घड्याळ यांतला सेंटिमीटरभराचा फरक दिसू नये, हे कोडं सोडवण्यासारखं आहे.

त्याला ओळखायला फीत लागत नाही. त्याची खूण म्हणजे झटका. दुकानात चेनच्या कड्या काढून घेताना ‘दोनच काढा, जरा मोकळी राहू द्या’ असं त्याने बजावलेलं असतं. त्यामुळे घड्याळ दिवसभर मनगटाभोवती प्रदक्षिणा घालतं आणि तबकडी खाली, वैद्य नाडी बघतात त्या जागी जाऊन बसते. वेळ बघायची झाली की हात छातीसमोर आणून मनगट दोनदा झटकावं लागतं. तबकडी वर आली की तो तिच्याकडे समाधानाने बघतो, मग फलाटावरच्या इंडिकेटरकडे बघतो आणि शेवटी खिशातून मोबाइल काढून किती वाजले याची खात्री करून घेतो. पूर्ण बाहीचा शर्ट असला तर डाव्या कफचं बटण उघडं असतं, कारण पंधरा मिलिमीटर जाडीच्या घड्याळावरून कफ खाली उतरत नाही. जाणता शिंपी डावा कफ उजव्यापेक्षा किंचित सैल ठेवतो, तो घड्याळासाठीच. पण त्याच्या हिशेबातलं घड्याळ हे घड्याळ असतं. हातावर एवढं मोठं बांधकाम निघेल हे त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यावरून शेहेचाळीसवाल्याला बावळट ठरवणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. त्याच्या वागण्यामागे पक्का विचार आहे. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात माणसाचं काय काय दिसतं, याचा हिशेब मांडून बघा. इस्त्रीचा शर्ट ठाकुर्ली सोडायच्या आत चुरगळलेला असतो. बूट दिसायची सोय नाही. कधीकधी ते आपलेच आहेत की नाहीत, हेही कळत नाही. बॅग पाठीवरून छातीवर आलेली असते, म्हणून टायही दिसत नाही. चेहरा समोरच्याच्या काखेत. उरतं काय, तर हँडल धरायला वर गेलेला हात, कोपरापासून बोटांपर्यंत. सगळ्या देहातली तेवढीच जागा सार्वजनिक, तेवढीच जाहिरातीला मोकळी. मग बोनसचे पैसे तिथे लावले तर बिघडलं कुठे? मोठ्या घड्याळाची आवड हा निव्वळ डामडौल नाही. मध्य रेल्वेच्या गर्दीने घालून दिलेली ती काटकसर आहे. शेहेचाळीसवाला घड्याळ मनगटाच्या मापाने घेत नाही, गर्दीच्या मापाने घेतो. माझं म्हणणं इतकंच की, गर्दीच्या मापानेही त्याचा हिशेब चुकतो.

आधी साधं गणित पाहू. घड्याळाचा व्यास म्हणून सांगतात तो चावी सोडून गोल डबीचा. मनगटावर घड्याळ बसतं की लोंबतं, हे त्या आकड्याने ठरत नाही. वरच्या आणि खालच्या बाजूला पट्टा जिथे अडकतो, त्या टोकांमधलं अंतर निर्णायक असतं. शेहेचाळीसच्या घड्याळात ते चोपन्न-पंचावन्नपर्यंत सहज जातं. आता सव्वासहा इंच घेराचं मनगट घ्या. त्याची रुंदी पंचावन्नच्या आसपास भरते, पण मनगट काही पाटासारखं सपाट नसतं. दोन्ही कडांची गोलाई वजा केली की वर सपाट जागा उरते पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस मिलिमीटर. म्हणजे घड्याळाची टोकं दोन्ही बाजूंनी हवेत. टोकं हवेत गेली की पट्टा कातडीला लागून न वळता सरळ खाली पडतो, दोन्हीकडे फट राहते आणि ज्या मनगटाला भारदस्त दाखवायचं होतं ते होतं त्याहून बारीक दिसतं. पुढचा भाग गुरुत्वाकर्षणाचा. हँडल धरायला हात वर गेला की सैल चेनचं जड घड्याळ कोपराच्या दिशेने घसरतं आणि घसरता घसरता फिरतं. ज्या प्रेक्षकांसाठी एवढा खर्च केला, त्यांना ठाणे येईपर्यंत दिसतं ते बक्कल. शिवाय दाराशी उतरताना डबीची कड कुणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात अडकते आणि मग घड्याळाविषयी लोक जे बोलतात ते कौतुक नसतं. मापात बसलेलं घड्याळ यातलं काही करत नाही. जिथे बांधलं तिथे राहतं आणि हात वर गेला तरी लोकांना तबकडी दिसते. म्हणजे मिरवायचं असलं तरी मनगटाचं माप घ्यावंच लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पुरुषाच्या हातात पुरुषाला शोभेल असंच घड्याळ हवं, बारकं घड्याळ बायकी दिसतं. या आक्षेपाची अडचण अशी की इतिहास नेमका उलटा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मनगटावर घड्याळ बांधणं हाच बायकांचा शौक समजला जाई. पुरुषाचं घड्याळ साखळीला लावून खिशात. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशात हात घालायला सवड नव्हती, तेव्हा ते पुरुषांच्या मनगटावर चढलं. १९४५ साली रोलेक्सने डेटजस्ट काढलं ते ३६ मिलिमीटरचं, आणि त्या काळी ते पुरुषांचं भरघोस घड्याळ होतं. आपल्याकडे एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं बनवायला घेतली. त्यातलं चावीचं ‘जनता’ पस्तीसच्या आसपासचं. मॅट्रिक पास झाल्यावर ते मिळायचं आणि निवृत्त होईपर्यंत हातावर असायचं. ज्यांनी ते वापरलं त्यांत गिरणीत साचे चालवणारे होते, शेतात नांगर धरणारे होते, एसटीचं पॉवर स्टिअरिंगपूर्वीचं चाक वळवणारे होते. त्यांच्या पुरुषार्थाविषयी कुणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही. खरी मोठी घड्याळं होती ती कामाची. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांची ५५ मिलिमीटरची, जाड कोटाच्या बाहीवरून बांधायची. इटालियन पाणबुड्यांची पानेराई ४७ मिलिमीटरची, पोहण्याच्या पोशाखावरून बांधायची. अंधारात आणि गढूळ पाण्यात काटे दिसावेत म्हणून ती मोठी. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची तेव्हा डब्यात अंधार व्हायचा हे खरं, पण त्यासाठी ४७ मिलिमीटरची गरज होती असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसरा आक्षेप चाळिशीचा: आता बारीक दिसत नाही, म्हणून तबकडी मोठी. हा आक्षेप प्रामाणिक असता तर मोठ्या तबकडीवर मोठे आकडे असते. प्रत्यक्षात शेहेचाळीसवाल्याच्या तबकडीवर आकडेच नसतात. तीन छोट्या तबकड्या असतात, त्यांतले काटे सुईच्या टोकाएवढे, आणि कडेला वेग मोजायची पट्टी. या पट्टीची गंमत समजून घेण्यासारखी आहे. एका किलोमीटरच्या खांबापाशी बटण दाबायचं, पुढच्या खांबापाशी पुन्हा दाबायचं. सेकंदकाटा ज्या आकड्यावर थांबेल तो ताशी वेग. बहुतेक घड्याळांत ही पट्टी ६० वर संपते, कारण त्याहून हळू जाणाऱ्याला किलोमीटरला मिनिटापेक्षा जास्त लागतं आणि काटा दुसऱ्या फेरीत शिरतो. कल्याण ते ठाणे अंतर सुमारे वीस किलोमीटर आणि फास्ट गाडीलाही वेळापत्रकाप्रमाणे वीस मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे त्या प्रवासाचा सरासरी वेग ज्या पट्टीवर छापलेलाच नाही, अशी पट्टी हातावर बांधून माणूस वर्षानुवर्षं तोच प्रवास करतो. दिव्याला सिग्नल लागला तर बोलायलाच नको. तीच गोष्ट पाण्याची. मागच्या झाकणावर ‘१०० मीटर’ कोरलेलं असतं, आणि जूनची पहिली सर आली की हेच घड्याळ उतरून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्याच्या कप्प्यात आणि कप्प्याची चेन बंद. काटे दिसावेत एवढीच गरज असेल तर पांढरी तबकडी, काळे काटे आणि ठळक आकडे पुरतात. अडतीस मिलिमीटरमध्ये ते हातभर अंतरावरून वाचता येतात.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. वेळ आता मोबाइल सांगतो, इंडिकेटर सांगतो. घड्याळ हा दागिना आहे आणि दागिन्याला कसलं आलंय माप? १८५३ च्या १६ एप्रिलला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. गाडीच्या वेळेवर जगायची सवय या भागाला इतकी जुनी की इथल्या माणसाला घड्याळाशिवायही वेळ कळते, हेही मान्य. पण दागिना म्हटलं की मापाची गरज वाढते. सराफाच्या दुकानात अंगठी घ्यायला गेलं तर तो आधी बोटात मापाच्या कड्या घालून बघतो. ‘साहेब, जरा मोठीच घ्या, भारी दिसेल’ असं म्हणत नाही. घड्याळाच्या दुकानात मात्र नेमकं हेच म्हणतात. त्यातही पुष्कळशी घड्याळं हातावर घालून बघायची संधीच मिळत नाही. काही सासरहून येतात, आणि जावयाच्या मनगटाचा घेर याद्यांच्या वेळी कुणी विचारत नाही; खोका उघडल्यावर मांडवात दिसलं पाहिजे एवढाच निकष. काही दुबईच्या मेव्हण्याकडून येतात. उरलेली फोटोवरून मागवलेली असतात, आणि फोटोत घड्याळ पूर्ण पडदा व्यापतं, तिथे मनगटच नसतं. म्हणून शेहेचाळीसवाल्याचा दोष अर्धाच धरायला हवा. उरलेला अर्धा सासऱ्याचा, मेव्हण्याचा आणि फोटोग्राफरचा.

‘पण फॅशनच मोठ्याची आहे’ असं कुणी म्हणेल, तर ती बातमी जुनी झाली. नव्वदीनंतर मोठ्या घड्याळांची लाट आली होती खरी, पण आता काटा मागे फिरलाय. २०२१ साली रोलेक्सने आपलं एक्सप्लोरर ३९ वरून पुन्हा ३६ वर आणलं. आपल्या टायटनने तर २००२ मध्येच ‘एज’ काढून साडेतीन मिलिमीटर जाडीतही घड्याळ मावतं हे दाखवून दिलं होतं. स्मार्टवॉचवाल्यांचं म्हणणं असतं की पडदा मोठा हवाच. पण ॲपलने २०१५ साली पहिलं घड्याळ विकायला काढलं तेव्हाच ते ३८ आणि ४२ अशा दोन मापांत ठेवलं होतं. आणि हृदयाचे ठोके मोजणारा दिवा कातडीला नीट टेकला नाही तर मोजणी बिघडते. सैल, डुगडुगतं घड्याळ बांधून फिरणाऱ्याच्या हृदयाविषयी ते घड्याळ काय सांगेल, त्यावर डॉक्टरकडे जाऊ नये. आता न्यायाची गोष्ट. साडेसात-आठ इंची मनगटाचा गडी असेल तर चव्वेचाळीस, शेहेचाळीस त्याला खुशाल शोभतं. त्याने आजोबांचं ‘जनता’ बांधलं तर तेच चमत्कारिक दिसेल. एचएमटीची घड्याळ-कंपनी बंद झाल्यावर जुन्या बाजारातून तिची घड्याळं हुडकून आणणारा, आणि एकतीस मिलिमीटरच्या घड्याळात पूर्वजांची साधेपणाची शिकवण शोधणारा एक उपपंथ ठाण्यात वाढतोय. मापाच्या बाबतीत तोही शेहेचाळीसवाल्याचाच भाऊ. दोघेही मनगट सोडून बाकी सगळ्यांचं ऐकतात.

तेव्हा निकाल सरळ आहे. दुकानात जायच्या आधी घरातली शिवणाची फीत मनगटाच्या हाडाजवळ गुंडाळा. फीत नसेल तर सुतळी आणि मुलाच्या कंपासमधली पट्टी चालेल. घेर साडेसहा इंचांच्या आत आला तर ३६ ते ३९ मागा, सव्वासातपर्यंत आला तर ३८ ते ४२, त्याच्या वर पुढची मापं तुमची. पट्टा अडकवायची टोकं मनगटाच्या कडेबाहेर जाता कामा नयेत, ही एक अट कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी. चेनमधून हव्या तेवढ्या कड्या काढायला लावा. आत करंगळी जेमतेम जाईल एवढीच जागा ठेवा, कारण आपल्याकडच्या घामाला तेवढी लागते. दुकानातच हात वर करून, लोकलचं हँडल धरल्यासारखा, मिनिटभर उभे राहा. तबकडी जागची हलली नाही तर घड्याळ तुमचं. आणि एवढं सगळं झाल्यावर दुकानदार म्हणालाच की, ‘साहेब, हे हातात उठून दिसत नाही,’ तर वाद घालू नका. त्याच्या स्वतःच्या मनगटावर काय आहे तेवढं बघा. बहुतेक वेळा काहीच नसतं.