मजुरी लावली का?

(रंगमंचावर टेबल. त्यावर पेटी चरखा, रंगवलेलं सूत, सरकीने भरलेली वाटी, क्यूआर कोडचा छोटा स्टँड. सोळा वर्षांची मुलगी दातांत दोरा धरून गाठ मारते आहे. दोरा न सोडताच प्रेक्षकांशी काहीतरी बोलते. कोणाला एक अक्षर कळत नाही. दोरा काढते.)

थांबा म्हटलं! गाठ सैल पडली की सरकी निसटते. (गाठ आवळते.) हां. मी वर्ध्याची. हा माझा व्यवसाय. आधी छंद होता. छंद होता तोवर घरात सगळे म्हणायचे, "किती गुणाची पोट्टी!" पैसे मागायला लागली तशी म्हणतात, "लयच हिशेबी झाली बाप्पा."

मी राख्या बनवते. सूत हातकताईचं. आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, मग पळसाची फुलं उकळून त्यात रंगवायचं. तुरटीचा कंटाळा केला तर रंग राखीवर कमी आणि भावाच्या मनगटावर जास्त दिसतो. मग सात पदर घेऊन पीळ, मधोमध सरकी. तिच्या अंगाला चिकटलेला कापूस काढायचा नाही, तोच शोभतो. सण झाला की सरकी मातीत लावायची, पऱ्हाटी उगवते. पुण्यात हे ऐकून लोकांचे डोळे भरून येतात. वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटी उगवली म्हणून कोणाचे डोळे भरून येतील? भाव बघून येतात, ते वेगळं.

शेजारचे काकाजी राखी उलटीपालटी करून बघतात. (चष्मा नाकावर ओढून) "बीटी हाये का?" काकाजी, राखी आहे ती! "थे दिसून राह्यलं ना. पण बोंडअळी आली तं तक्रार कोनाकडं करायची? तुह्याकडं, का कृषी खात्याकडं?"

एक ताई तर सप्टेंबरात घरी आल्या. सरकी उगवली नाही, पैसे परत द्या. मी म्हटलं, ताई, भाऊ उगवला ना? म्हणजे, ओवाळायला आला ना? नाही म्हणे, तोपण नाही आला. (विचारात पडते.) दोन्ही बियाणं बोगस निघालं.

आता नातेवाईक. पुण्याच्या आत्याचा फोन येतो. "येताना गोरसपाक आण गं, दोन किलो. आणि त्या तुझ्या राख्या, दहा-बारा." त्या गोरसपाक बिस्किटांचे पैसे फोन ठेवायच्या आत आईच्या खात्यात. राख्यांचे? "अगं, तू तर घरचीच!" बिस्कीट बाहेरचं, म्हणून त्याला किंमत. मी घरची. पुढच्या वर्षी मीपण डब्यात बसून जाईन, वर किंमत छापून.

आईच्या खात्यात म्हटलं, कारण मालकीण मी असली तरी क्यूआर कोड आईचा. भारतीय करार कायदा, १८७२. त्यात अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालची. मी बाजारातल्या… नाव नाही सांगत, एका दुकानदाराला म्हटलं, काका, तुम्ही पन्नास राख्या ठेवून घेतल्या, पैसे कधी? तो म्हणाला, "करार झाला कुठी? तू तर अज्ञान." राख्या घेताना मी उद्योजक होती!

आणि आईकडे गेलेला पैसा! टेबलावरचा डबा बोलतो, "तीस रुपये प्राप्त हुए।" स्वयंपाकघरातून आई बोलते, "जमा आहेत गं!" कशात जमा आहेत, विचारायचं नाही. मागच्या महिन्यात माझ्या नफ्याचा सिलिंडर आला.

पण खरा त्रास आजोबांचा, म्हणजे आबाजींचा. आबाजी लहानपणी सेवाग्रामच्या बुनियादी शाळेत शिकले, मग जन्मभर गुरुजी. मला चरखा त्यांनीच शिकवला. त्यांचं गणित अजून सुतातच चालतं. चार फुटांचा एक तार, सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. नववीत मला गणितात… जाऊ द्या. आबाजी म्हणाले, "हे पुस्तक ठेव. टकळी घे."

तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याची हौस. नाही! १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन, मोठमोठी मंडळी. गांधीजींनी प्रस्ताव मांडला की शिक्षण हस्तोद्योगातून द्यायचं, आणि मुलांच्या हातच्या मालातून शिक्षकांचा पगार निघावा. (थांबते. मोजते.) म्हणजे मी कातायचं आणि त्यावर गणिताच्या सरांचं घर चालणार! माझा वेग बघता सर दिवाळीपर्यंत टिकले नसते. पण मला कोणी नापास करायची हिंमतही केली नसती.

तर मी आबाजींना वही दाखवली. सूत आणि रंग बारा रुपये, पाकीट आणि लेबल पाच, एकूण सतरा. विकते तीसला. नफा तेरा! आबाजींनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, उलटी केली.

"तुही मजुरी कुठी हाये?"

मजुरी? आबाजी, माझीच राखी, माझेच हात.

"येक राखी कराले किती येळ?"

सगळं धरून तास.

"रोजगार हमीचा दर किती?"

मोबाइलवर बघितलं. महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. भागिले आठ, एकोणचाळीस. आबाजी उठून उभेच राहिले. "तासाले येकोनचाळीस! आन तू तेरात नाचून राह्यली? उद्योग नाई हा, येठबिगारी हाये! मालकीन तू, मजूर तू, आन मालकीन मजुराले लुटून राह्यली!"

मग इतिहास सुरू. १९३५. गांधीजी तेव्हा आपल्या वर्ध्यातल्या मगनवाडीत राहायचे. खादी स्वस्त पडावी म्हणून कातणाऱ्या बाईला चिल्लर मिळायची. गांधीजी म्हणाले, आठ तासांच्या कामाला निदान आठ आणे द्या. खादीचं काम बघणाऱ्या चरखा संघातले लोक हादरले. खादी महाग होईल, घेईल कोण? शेवटी आठ आण्यांपर्यंत काही गाडी गेली नाही, पण मजुरी वाढली. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, चांगला चरखा बनवणाऱ्याला चरखा संघाने एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. एक लाख, १९२९ चे! अटी मात्र अशा की चरखा दीडशे रुपयांच्या आत बसला पाहिजे, झोपडीत चालला पाहिजे आणि वीस वर्षं टिकला पाहिजे. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. माझ्या गिऱ्हाइकांच्या अटी साधारण याच आहेत, फक्त ते लाख देत नाहीत.

ठरलं. सतरा अधिक एकोणचाळीस, छप्पन. मी नवीन पाटी लावली. पहिलं गिऱ्हाईक, मोठी आई.

"छप्पन? राखीले? छप्पनमंधी दोन येतात बजाज चौकात, वरून लाइट लागते!"

मोठी आई, त्यात माझी मजुरी आहे.

"मजुरी कायची व? टीव्ही पाहत पाहत तं करतं!"

मागून आबाजी गरजले, "हाताले दाम द्या लागते!" मोठी आईने छप्पन रुपये मोजून दिले. सुट्टे. देताना असं बघितलं की भाऊबीजेला माझी ओवाळणी किती कापली जाणार तेही कळलं. पण दिले! मला आबाजींचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू…

(फोन वाजतो.)

हॅलो? हो, मीच. किती? पन्नास! दर छप्पन, मजुरी धरून. कोण बोलताय? आबाजींचे… थांबा, देते. (आत बघून) आबाजी! तुमच्या शाळेतले कोणी आहेत, सेवाग्रामचे!

(फोन विंगेकडे धरते. ऐकते. चेहरा हळूहळू उतरतो. आबाजींच्या आवाजात) "अबे तू! जित्ता हायेस? … राख्या? घेऊन जा ना बे! … मजुरी? तुह्याकडून? यका चरख्यावर कातलं लेका आपन! सतराच दे. घरची पोट्टी हाये, बसल्या बसल्या करते!"

(मोठा विराम. मुलगी शांतपणे वही उघडते. पेनाचं टोपण दाताने काढते.)

पन्नास राख्या. गुणिले एकोणचाळीस. (लिहिते.) एकोणीसशे पन्नास. नावे… आबाजी.

(विंगेकडे, अतिशय गोड आवाजात) आबाजी! पेन्शन किती तारखेला होते हो?

(अंधार.)