विश्वकर्म्याला विश्व पसंत पडेना

चार-पाच माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचतात, तो खेळ जिथे जिथे चालतो तिथे हा प्राणी सापडतोच. खेळाचं नाव टेबलटॉप रोलप्लेइंग. त्यात बाकीचे एकेक पात्र घेतात आणि एक जण जीएम होतो. उरलेलं सगळं जग म्हणजे हा जीएम : हवामान, पोलीस, खलनायक, चहावाला, सगळं तोच. कोथरूडच्या आमच्या ग्रुपमधल्या जीएमला आम्ही विश्वकर्मा म्हणतो. सायन्स फिक्शनचं एकही विश्व त्यानं अजून चालू केलेलं नाही. बघितली मात्र पुष्कळ आहेत.

तलवारी आणि ड्रॅगन असते तर ही वेळ आलीच नसती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आलं. ते आम्ही वर्षानुवर्षं खेळतोय, पण एवढं धूड हवेत उडतं कसं हे आमच्यापैकी कोणी विचारलेलं नाही. अवकाशयानाचं नाव काढलं की मात्र टेबलावरचे सगळे इंजिनिअर खडबडून जागे होतात. इंधन कुठलं? यानात गुरुत्वाकर्षण कसं आणलंत? ब्रेक लावतात कशाला? म्हणून सेटिंग आधी पारखून घ्यावं, असं विश्वकर्म्याचं म्हणणं. म्हणणं रास्तच आहे. त्याचे सगळे शनिवार रास्त म्हणण्यातच जातात.

एकुलत्या एका मुलासाठी स्थळं बघावीत तशी तो विश्वं बघतो. घराणं विचारतो, पूर्वेतिहास काढतो, शेजारीपाजारी चौकशी करतो आणि शेवटी ‘कळवतो’ म्हणून उठतो.

होकार अगदी ओठांवर आला होता तो एकदाच, मार्क मिलरच्या ‘ट्रॅव्हलर’ला. हा खेळ १९७७ चा, मूळच्या तीन छोट्या काळ्या पुस्तिका. यात प्रत्येक ग्रहाची पत्रिका एका ओळीत मांडलेली असते. रेजिना नावाच्या ग्रहाची सुरुवात ए-७८८८९९ अशी आहे : बंदर अव्वल दर्जाचं, मग आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, सरकार आणि कायदा. सरकार ९ म्हणजे चेहरा नसलेली नोकरशाही. ‘म्हणजे आपल्या ओळखीतलंच आहे,’ असं कोणीतरी म्हणालं आणि वातावरण एकदम घरगुती झालं.

ट्रॅव्हलरमध्ये एक अट फार शहाणपणाची आहे. यान एका जंपमध्ये जास्तीत जास्त सहा पार्सेक जातं आणि त्याला जवळजवळ एक आठवडा लागतो. यानापेक्षा वेगानं निरोप जात नाही. बातमी पोचायची तर कोणीतरी ती घेऊन जायची. माझ्या मते सगळ्या सायन्स फिक्शन खेळांत यापेक्षा चांगली युक्ती नाही. खलनायकाला फोन लागला की निम्म्या गोष्टी तिथेच संपतात. आम्ही सगळे भारावून ऐकत होतो. मग पान उलटलं आणि यानाच्या कर्जाचा तक्ता आला.

फ्री ट्रेडर नावाच्या साध्या मालवाहू यानाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. वीस टक्के रोख भरायचे, बाकीचं कर्ज. हप्ता किमतीचा दोनशेचाळिसावा भाग, म्हणजे महिन्याला १,५४,५०० क्रेडिट. असे हप्ते ४८०, म्हणजे चाळीस वर्षं. आमच्यातला एक जण बँकेत आहे. एरवी तो पात्राचं नावसुद्धा जीएमला ठेवायला लावतो. त्यानं मोबाइल काढला, आकडे टाकले आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, ‘साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसतोय. घ्या डोळे मिटून.’ प्रीपेमेंटला दंड आहे का, मोरॅटोरियम मिळतो का, यान गहाण असताना भाड्यानं देता येईल का, यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा झाली. आता हाच हप्ता खरं म्हणजे त्या खेळाचं इंजिन आहे. हप्ता थकला की कप्तान वाकड्या वाटेची कामं घेतो आणि त्यातून साहसं घडतात. पण आमच्या टेबलावर कोणीच हप्ता थकवायला तयार होईना. सगळ्यांनी मिळून यान नको, आधी छोटं काहीतरी घेऊ, असं ठरवलं.

मधल्या काळात माझं पात्र वारलं होतं. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पात्राची आधीची नोकरी चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी फाशांवर ठरते, आणि फासा उलटा पडला तर माणूस नोकरीतच दगावतो. माझा माणूस स्काउट खात्यात लागला आणि दुसऱ्या टप्प्यात गेला. खेळ सुरू व्हायचा होता. संपली होती ती फक्त भडंगाची परात.

तरी ट्रॅव्हलर मोडलं ते कर्जामुळे नाही. त्यातलं साम्राज्य १९८७ च्या आवृत्तीत यादवीत फुटतं आणि १९९३ च्या आवृत्तीत सगळीच पडझड होते. आपण फुटीच्या आधी खेळायचं की नंतर, हे विश्वकर्म्याला ठरवता येईना. ‘कळवतो,’ म्हणाला.

बाकीची स्थळं फार वेळ टिकली नाहीत. माइक पॉन्डस्मिथच्या ‘सायबरपंक २०२०’ची तर तारीखच उलटून गेलेली. १९९० मध्ये छापलेल्या त्या पुस्तकातली माणसं २०२० साली अंगात यंत्रं बसवून घेतात. खऱ्या २०२० मध्ये आम्ही भाजी साबणानं धूत होतो. नव्या आवृत्तीत काळ २०४५ वर नेला आहे. विश्वकर्मा म्हणतो, तेव्हा काय होतं ते बघू आणि मग ठरवू. ‘स्टार वॉर्स’ नको, कारण आमच्यात एकाला त्यातल्या प्रत्येक केसाळ प्राण्याची सासुरवाडी पाठ आहे आणि तो जीएमला बोलू देत नाही. १९८४ चं ‘पॅरानोइया’ मला स्वतःला आवडलं होतं. जमिनीखालचं शहर, डोकं फिरलेला कॉम्प्युटर, एक मेला की दुसरा हजर करायला प्रत्येकाचे क्लोन. पण त्यात खेळाडूनं नियम माहीत असल्याचं दाखवणं हा राजद्रोह आहे. विश्वकर्म्यानं परिशिष्टांसकट सगळे नियम पाठ केले होते. त्याला ते लागलं असावं. ‘एक्लिप्स फेज’मध्ये मनाचा बॅकअप असतो, शरीर बदलून परत येता येतं. तिथे बँकवाल्यानं एकच प्रश्न विचारला : दोन प्रती झाल्या तर कर्ज कोणत्या प्रतीच्या नावावर? पुस्तक मिटलं.

मग त्यानं स्वतःचंच विश्व रचायला घेतलं. त्यासाठी त्याच्याकडे शास्त्राधार होता. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं आणि त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. हे दोन धागे कोणीतरी जोडायलाच हवेत, असं तो दर शनिवारी बाकरवडी खाता खाता सांगतो. कोणीतरी म्हणजे कोण, ते सांगत नाही.

त्याच्या विश्वात मंगळावर मराठी वसाहत आहे. तिचा इतिहास लिहून झाला, शेतसारा ठरला, पाणीवाटपाचे तंटे झाले, नाट्यसंमेलनात फूटही पडली. गाडी अडली संकष्टीवर. उपास चंद्रोदयाला सोडायचा, पण मंगळाला चंद्र दोन. फोबॉस साडेसात-पावणेआठ तासांत ग्रहाभोवती फिरतो, त्यामुळे तो पश्चिमेला उगवतो आणि तेही दिवसातून दोनदा. डायमॉस इतका सुस्त की एकदा उगवल्यावर पुन्हा उगवायला साडेपाच दिवस घेतो. त्या संध्याकाळी ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले. फोबॉसवाल्यांना दुपारच्या आत जेवायचं होतं. डायमॉसवाले म्हणाले, उपास म्हणायचा तर तो कडकच हवा. विश्वकर्म्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे तेज होतं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आमच्या पात्रांनी या मंगळावर करायचं काय, हे तेवढं विचारायचं राहिलं. पुढच्या शनिवारी विचारलं, तर म्हणाला पंचांग पुरं होऊ दे.

परवा त्याची दहावीतली भाची सुटीला आली होती. मामाच्या मागच्या कपाटातली पुस्तकं तिनं बघितली, कंटाळली आणि मोबाइलवर जॉन हार्परचं ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ उघडलं. २०१३ चा हा खेळ एका पानात संपतो. यानाचं नाव रॅप्टर. कप्तानावर कसल्याशा विचित्र शक्तीचा अंमल चढलाय, तो दवाखान्याच्या पेटीत पडून आहे आणि यान तुमच्या हवाली. पात्राला आकडा एकच, दोन ते पाचमधला. मोठा घेतला तर यंत्रं आणि बंदुका जमतात, लहान घेतला तर माणसं जमतात. चहा गाळून होईपर्यंत आमची सगळ्यांची पात्रं तयार झाली. बँकवाल्यानं तर नावही स्वतः ठेवलं.

‘मामा, तुमचा आकडा?’

विश्वकर्म्यानं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग परत वाचलं. ‘कप्तान आजारी असताना चार्ज कोणाकडे असतो?’ त्यानं विचारलं.

‘तुमच्याकडे घ्या. आकडा सांगा.’

‘तीन आणि चार दोन्ही चांगले आहेत. मी असं करतो, पुढच्या शनिवारपर्यंत—’

भाचीनं त्याच्या नावापुढे चार लिहिले आणि फासा त्याच्या हातात कोंबला. ‘मामा, दार तोडून परग्रहवासी आत आलेत.’

‘कुठल्या ग्रहावरचे?’ मामा म्हणाला.