नाझरसाहेबांची टाकी

मैकल पर्वताच्या पठारावर, कान्ह्याच्या अरण्याला खेटून वसलेल्या बैहर या तहसिलीच्या गावी पेन्शनीत निघालेले जे मराठी गृहस्थ आढळतात, त्यांतील एका विशिष्ट जातीला आम्ही मंडळी नाझरसाहेब म्हणतो. मग तो इसम हयातभर नाझर असो, मोहरीर असो, की शिक्षण खात्यातला हेडक्लार्क असो. मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपुरास होती तेव्हाची दफ्तरी मराठी, १९५६ साली नागपूर मुंबई राज्याकडे आणि बालाघाट नव्या मध्यप्रदेशाकडे गेल्यावर, इथल्या कचेऱ्यांतून ओसरली. परंतु नाझरसाहेबांच्या घरी ती वडिलोपार्जित मिळकतीसारखी आजही नांदते, आणि तिचा सर्वांत कडक अंमल गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर चालतो.

स्वयंपाकघरातील पाण्याविषयी त्यांची दक्षता वाखाणण्याजोगी आहे. मलाजखंडची ताम्रखाण याच मुलुखातली असल्यामुळे तांब्याचा महिमा हा त्यांना स्थानिक अभिमानाचा विषय वाटतो. तेव्हा चौपदरी फडक्यातून गाळलेले पाणी चिंचेने घासलेल्या घागरीत रात्रभर राहिलेच पाहिजे, आणि ओगराळ्याऐवजी कोणी पेला बुडविला तर त्याची रीतसर तहकीकात होते. मात्र तेच पाणी तोटीतून येण्यापूर्वी कोठे मुक्काम करून आले, हा प्रश्न त्यांच्या लेखी अधिकारक्षेत्राबाहेरचा आहे. वैशाखातल्या वावटळीत टाकीचे झाकण उडाले, त्या जागी पत्र्याचा तुकडा व वर एक वीट अशी हंगामी नेमणूक झाली, आणि सरकारी शिरस्त्याप्रमाणे ती हंगामी नेमणूक कायम झाली.

टाकी दर तिमाहीस साफ होते. म्हणजे नोंदवहीत होते. नाझरसाहेब जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसतात, वर धाडलेल्या पोऱ्याला 'घासली का रे?' असे विचारतात, वरून 'घासली जी, बाबूजी' असे उत्तर येते, आणि तेवढ्यावर 'समक्ष साफ करवून घेतली' अशी नोंद होऊन तारीख पडते. यात त्यांचा आळस आहे असे मला वाटत नाही. ज्याने तीस-पस्तीस वर्षे कागदावरून जमिनी पाहिल्या, त्याने कागदावरून टाकी पाहावी हे संस्काराला धरूनच आहे. शिवाय त्यांचे गुडघेही त्या संस्काराला अनुकूल आहेत.

अडचण एवढीच की डासांच्या कारभारात तिमाही नाही. डेंग्यूच्या डासाचे अंडे आठ-दहा दिवसांत डास होऊन उडून जाते. त्यातही ती अंडी पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या भिंतीस चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जीव धरून राहतात, त्यामुळे नुसते पाणी सोडून देणे म्हणजे आरोपीस जामीन देण्यासारखे होते. गेल्या पावसाळ्यात आशाताईंनी पत्रा सरकवून बॅटरीच्या उजेडात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या, तेव्हा नाझरसाहेबांनी खाली बसूनच विचारले, 'पण तपासणीची पूर्वसूचना कुठे आहे?' आणि नोंदवही पुढे केली. तिच्यात, अर्थातच, टाकी निष्कलंक होती.

अखेर सूनबाईंनी पदर खोचला. तळाची तोटी उघडून पाणी सोडले, गाळ उपसला, भिंती काथ्याच्या कुंचल्याने वरपासून खाली घासल्या, पुन्हा धुतल्या. ताजे पाणी भरल्यावर १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम या हिशेबाने ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून तिची वरची निवळ तेवढी टाकीत ओतली, अर्धा तास कोणाला तोटी उघडू दिली नाही, वाहत्या नळीच्या तोंडाला जाळी बांधली आणि घट्ट बसणारे झाकण आणवले. मग, घरची रीत ठाऊक असल्यामुळे, त्यांनी खर्चाच्या पावत्या सासऱ्यांपुढे ठेवल्या.

नाझरसाहेबांनी चष्मा पुसून त्या दोनदा वाचल्या, आणि तीन हरकती काढल्या: झाकणाच्या खरेदीस पूर्वमंजुरी नव्हती, जुनी वीट व पत्रा भांडारात जमा झाल्याची पोच नव्हती, आणि चालू तिमाहीत टाकी एकवार साफ झाल्याची नोंद असताना तीच टाकी पुन्हा साफ करण्याचे कारण लेखी दिलेले नव्हते.

सूनबाईंनी कारण लेखी दिले. एका रिकाम्या औषधाच्या बाटलीत टाकीतल्या चार अळ्या त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. त्या कागदासोबत जोडपत्र म्हणून सादर झाल्या आणि नाझरसाहेबांनी त्यांना क्रमांक दिला.