उंचीवर आणखी उंची

गिरिस्थान दिसलं की हल्ली कुणाला तरी तिथं महाकाय पाळणा उभारावासा वाटतो. शाहूवाडीची पाळी अजून यायची आहे. पण तिथल्या आंबा घाटातली सेल्फीची गर्दी पाहता ती फार लांब नसावी. मुळात हे यंत्र सपाट मुलखाचं. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने सुमारे 80 मीटरचं चक्र उभं केलं, कारण आयफेल टॉवरवर मात करायची होती आणि आसपास टेकाडही नव्हतं. लंडनचं 135 मीटरचं, दुबईचं 250 मीटरचं; सखल शहरांची हौस समजू शकते. आंब्याला सह्याद्रीने कोकणात कोसळणारा कडा फुकट दिलाय.

वयस्करांना गड चढवत नाही, त्यांनी काय करावं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता त्यांना बसल्या जागी कड्यापाशी आणतो. रोजगाराचं म्हणाल, तर पर्यटकांची झुंबड पावसाळ्यात, आणि तेव्हा घाटात पुढची गाडी दिसत नाही. म्हणजे खालचं धुकं सोडून वरचं धुकं बघायला तिकीट काढायचं! दुबईचं चक्र ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालं, मार्च 2022 मध्ये थांबलं, ते 2024 च्या अखेरीस पुन्हा फिरलं. तिथं पैशांची चणचण नव्हती. जोतिबाच्या जत्रेतला पाळणा निदान यात्रा उलगली की गाशा गुंडाळतो. आपला सांगाडा मात्र चांदोलीच्या जंगलाशेजारी गंजत उभा राहील, आणि चार वर्षांत नकाशावर 'गंजका पाळणा पॉइंट' झळकेल, पार्किंग शुल्कासह.