कापडाला हात लावू नका

आषाढात भंडारदऱ्याला तंबूत राहायचं, ही कल्पना मेहुण्याची. त्याचं लग्न व्हायचंय, त्यामुळे शुक्रवार आला की त्याला कल्पना सुचतात. आईंना घरी ठेवावं का, असं हिने नुसतं विचारलं. "मी काय विरघळते का पावसाने?" म्हणत आईने तिखटमिठाच्या पुऱ्या तळायला घेतल्या. प्रश्न मिटला.

डोंबिवलीपासून कसाऱ्यापर्यंत गाडीत गोडीगुलाबी होती. घाटात धुकं उतरलं आणि समोरची काच आतून पांढरी झाली. यात पावसाचा फारसा दोष नसतो. पाच माणसं बंद गाडीत अखंड बोलत असली की तोंडची वाफ गार काचेवर जाऊन बसते. एसी लावला की ती उडते, पण एसीने आईचे गुडघे धरतात. खिडकी उघडली तर मुलीच्या मांडीवरचा चिवडा भिजतो. न बोलता बसून बघू, असा तिसरा उपाय हिने सुचवला. त्यावर घोटीपर्यंत चर्चा झाली. मेहुणा पुढे बसून माझ्या पिवळ्या फडक्याने काच पुसत होता आणि पुसल्या जागेतून जे दोन इंच जग दिसे, त्याचं कौतुक करत होता.

बारीला त्याने गाडी थांबवायला लावली. "ते बघा कळसूबाई! 1646 मीटर. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही." बोट दाखवलं तिथे ढग होता. आईने ढगाला हात जोडले. रस्त्याकडेला भाताची आवणी चालली होती. प्लास्टिकच्या कागदाची खोळ पांघरलेली एक बाई कंबर सरळ करायला उभी राहिली आणि कुठे उतरणार म्हणून तिने आईला विचारलं. तंबूत, आई म्हणाली. बाईने आमच्या गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "मुंबईला घरं लई महाग ना," असं समजुतीने म्हणून ती पुन्हा चिखलात वाकली.

इंग्रजांनी प्रवरा अडवून बांधलेलं इथलं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं. पाणी थोपवणं म्हणजे काय, याचा त्या लोकांनी नीट विचार केला होता. आमच्या तंबूच्या पिशवीवर मात्र नुसतंच '3000 मिलिमीटर' छापलेलं होतं.

"म्हणजे एवढा पाऊस झेलतो हा," मेहुणा म्हणाला.

"इथे घाटघरला वर्षाला त्याहून जास्त पडतो," मी म्हणालो.

"मग दसऱ्याच्या सुमारास भिजायला लागू," आई म्हणाली.

खरं तर त्या आकड्याचा पावसाच्या मोजणीशी संबंध नाही. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाझरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्तंभ तंबूबाहेर उभा असतो. आत माणसं असतात, याबद्दल पिशवीवर काही नव्हतं.

तंबूवाल्याचा पोरगा म्हणाला, "साहेब, इथं नका, उताराचं पाणी येतं. वर घ्या." पण वरून तलाव दिसत नाही. खालून तरी कुठे दिसत होता? पोरग्याने वाद घातला नाही. कुदळ आणली आणि तंबूच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढून तो निघून गेला. रात्री त्या चरातून पाणी खळाळत गेलं तेव्हा त्याला मनातल्या मनात काय काय देऊ केलं, ते सांगत नाही. सकाळी चहाच्या पैशांवर दोनशे रुपये दिले.

तर, तंबूला दोन कापडं असतात. बाहेरचं पाऊस अडवतं. आतल्यांच्या श्वासाची वाफ त्याच्याच आतल्या बाजूला जमते. दोन कापडांत हवा खेळती असली तर सगळं ठीक. ती एकमेकांना टेकली की तिथून टपटप सुरू. म्हणून मेहुण्याने फर्मान काढलं, "कापडाला कुणी हात लावू नका!" चार जणांच्या तंबूत पाच जण. कापडाला अंग लागू नये म्हणून आम्ही सगळे मधोमध सरकलो, म्हणजे एकमेकांवर. वाऱ्याने पाऊस आत येतो म्हणून हिने हवेची झडप लावून घेतली. वेळ जावा म्हणून मुलीने अंताक्षरी काढली. एवढी वाफ कसाऱ्यालाही झाली नव्हती.

पहिला थेंब माझ्या कानात पडला.

"कोणी हात लावला?"

"हात नाही रे, पदर लागला," आई म्हणाली.

त्यानंतर कोणाचा कोपर, कोणाची शेंडी, कोणाचा मोबाईल. बाहेर पाऊस थांबला तरी आमच्याकडे चालूच. पहाटे आई उशी घेऊन गाडीत गेली आणि तिने आतून दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रंधा धबधबा पाहिला. कोरडे असतो तर जास्त आवडला असता. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळात दगडी छताखाली आई इतका वेळ बसली की मेहुण्याने दोनदा हाक मारली. "दर्शन चाललंय," ती म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते आणि ती हलकेच घोरत होती.

ओला तंबू गुंडाळून ठेवला तर बुरशी धरतो. डोंबिवलीच्या जुलैत रुमाल वाळत नाही, तिथे तंबू कुठला वाळायला? शेवटी तो हॉलमध्ये पंख्याखाली उभा केला. स्वयंपाकघरात जायचं तर आता आम्ही भिंतीला पाठ लावून जातो. काल आईच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या. कौतुकाने एकेक करून आत शिरल्या, त्यांना तिथेच चहा लागला, आणि श्रावणातले कार्यक्रम ठरवत त्या दोन तास बोलत बसल्या. तंबू पुन्हा ओला झाला.