नव्या अल्बमची पूर्वतयारी: मेटॅलिकाच्या मुर्रीकर चाहत्यांसाठी सूचना

सर्वप्रथम वेळेचा हिशेब समजून घ्यावा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा, म्हणजे मुर्री गावाचा जिल्हा, वेगळा निघाला. तेव्हापासून मेटॅलिका या बँडने नव्या गाण्यांचे अल्बम काढले ते एकूण चार: २००३ मध्ये 'सेंट अँगर', २००८ मध्ये 'डेथ मॅग्नेटिक', २०१६ मध्ये 'हार्डवायर्ड टू सेल्फ-डिस्ट्रक्ट' आणि २०२३ मध्ये 'सेव्हंटी टू सीझन्स'. २०११ चा 'लुलू' धरला तर पाच. पण तो गायक लू रीडबरोबर केलेला, त्यामुळे तो धरायचा की नाही यावर दोन चाहत्यांचे एकमत होत नाही, आणि तिसरा आला तर भांडण होते. तेव्हा जिल्ह्याच्या इतिहासातला पाचवा (किंवा सहावा) अल्बम येण्यापूर्वी मुर्री व पंचक्रोशीतल्या चाहत्यांनी मनाची मशागत कशी करावी, याचे हे मार्गदर्शन. गिटार वाजवता येण्याची अट नाही. येत असेल तर थोडी अडचणच होईल.

पहिले काम अपेक्षा ठेवण्याचे. अपेक्षा दोन असाव्यात आणि त्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असाव्यात. एक, नवा अल्बम हुबेहूब १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'सारखा हवा. दोन, त्यांनी आता तेच ते करू नये. दोन्ही एकाच दमात, डोळ्याला डोळा भिडवून म्हणता आल्या पाहिजेत. सुरुवातीला जीभ अडखळते, पुढे सवय होते. एकच अपेक्षा ठेवून बसणाऱ्याची ती पुरी होण्याची भीती असते, आणि समाधानी चाहत्याला पानठेल्यावर कोणी विचारत नाही.

दुसरे काम तक्रारीचे. आयत्या वेळी तक्रार सुचत नाही, म्हणून ती अल्बमच्या आधी तयार हवी. सुदैवाने पूर्वसुरींनी आपल्यासाठी मोठा ठेवा मागे ठेवला आहे. १९८४ च्या 'राइड द लाइटनिंग'मध्ये 'फेड टू ब्लॅक' हे गाणे संथ गिटारने सुरू झाले, तेव्हाच काही निष्ठावंतांनी बँड विकला गेल्याचे जाहीर केले. बँडची स्थापना १९८१ ची, म्हणजे विकले जायला तीनच वर्षे लागली. १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला, त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडची सगळी मेहनत त्या अल्बमात आहे, फक्त कानाला लागत नाही. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमाने तर कहर केला: गाणी आखूड, चाल संथ, आणि लोकांना आवडली. जगभर तीन कोटींहून जास्त प्रती खपल्या, हा गुन्हा जुन्या चाहत्यांनी आजवर माफ केलेला नाही. १९९६ मध्ये 'लोड' आला तेव्हा चौघांनीही केस कापलेले होते. त्या अल्बमच्या संगीतावर टीका झाली, पण ती नंतर. आधी न्हाव्यावर झाली.

'सेंट अँगर' मात्र सावकाश अभ्यासावा. त्यात ड्रमर लार्स उलरिकने स्नेअर ड्रमच्या तारा सैल सोडल्या, त्यामुळे प्रत्येक ठोका रिकाम्या पिंपावर काठी हाणल्यासारखा वाजतो, आणि हे तासाहून जास्त चालते. शिवाय अख्ख्या अल्बमात गिटारचा एकही सोलो नाही. कर्क हॅमेटसारखा गिटारवादक पदरी असताना सोलो न ठेवणे ही तक्रार इतकी रास्त होती, की पुढच्या अल्बमात सोलो परत आले. तेव्हा चाहत्यांना नवी तक्रार शोधावी लागली. ती सापडली: 'डेथ मॅग्नेटिक'चा आवाज इतका चढवून ठेवला होता की तो फाटत होता, आणि 'गिटार हिरो' नावाच्या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी अल्बमपेक्षा स्वच्छ ऐकू येत होती. चाहत्याने असे बारीक कान ठेवावेत.

मात्र एक पथ्य आहे. अल्बमला नावे ठेवताना सालाची नोंद करून ठेवावी आणि त्यात पंधरा मिळवावेत. त्या वर्षापासून तोच अल्बम 'लोकांना तेव्हा कळला नाही' असा होतो. 'सेंट अँगर'च्या पिंपाला आज प्रामाणिक आवाज म्हणणारे लोक आहेत, आणि २००३ साली ते कुठे होते हे विचारणे सभ्यतेला धरून नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे अमेरिकेचे प्रकरण, मुर्रीच्या माणसाला जमेल कसे? उलट आपल्याकडे हे शिक्षण पिढीजात आहे. हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात आले की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगावी निघतात, शंकरपटाच्या बैलशर्यती आणि मंडईच्या जत्रेच्या निमित्ताने रात्रभर नाटक चालते, पहाटेच पडदा पडतो. नवे नाटक लागणार म्हटले की गावात दोन पक्ष पडतात आणि बहुतेक वेळा दोन्ही पक्षांत तेच लोक असतात. जाहिरातीवर नाव नवे पाहिजे, मागच्या साली पाहिलेल्याचे तिकीट कोण काढणार? पण तिसऱ्या अंकात रडू मात्र जुनेच यायला पाहिजे. आणि नाटक कसेही होवो, सकाळी घोंगडी झटकताना एखादा काका म्हणतोच, "पहिलेसारखं नाटक नाही रायलं भाऊ, आता नुस्ता डान्स रायते." हा काका १९९१ च्या मेटॅलिकावर बोलायला पूर्ण लायक आहे, फक्त त्याला कोणी बोलावलेले नाही.

इथे थोडा फरकही सांगितला पाहिजे, कारण तो मेटॅलिकाच्या विरोधात नसून आपल्या विरोधात जातो. गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर पाच हजारांवर प्रयोग आणि सुमारे आठशे निरनिराळ्या भूमिका सांगितल्या जातात. आपण साठी पार केलेल्या चार गृहस्थांकडे १९८६ पासून एकच भूमिका मागत आहोत, आणि ती त्यांनी पुन्हा केली की म्हणतो, तेच करून रायले.

पहिले गाणे आले की खरी परीक्षा. 'सेव्हंटी टू सीझन्स'च्या वेळी 'लक्स एटर्ना' हे गाणे २८ नोव्हेंबर २०२२ रोजी काहीही पूर्वसूचना न देता आले. आपल्याकडे हे धानाच्या चुरण्याचे दिवस, माणसे खळ्यावर. गाणे साडेतीन मिनिटांच्या आत संपते आणि १९८३ च्या पहिल्या अल्बमच्या वेगाने धावते. अशा वेळी चाहत्याने "हे तर अगदी जुन्यासारखं आहे" एवढेच म्हणावे आणि स्वर सपाट ठेवावा. ते कौतुक होते की तक्रार, हे समोरच्याचा चेहरा पाहून मग ठरवता येते. पूर्ण अल्बम यायला अजून साडेचार महिने असतात. आत्ताच बाजू पक्की करणे परवडत नाही.

या मधल्या काळात बँडच्या अडचणी पाठ असाव्यात, म्हणजे कोणी उशिराचे कारण विचारले तर तोंड वासावे लागत नाही. सर्वांत उपयोगी अडचण मोबाइलची. कर्क हॅमेटने रिफच्या सुमारे अडीचशे कल्पना फोनमध्ये साठवल्या होत्या. फोन हरवला, बॅकअप नव्हता. पुढे 'हार्डवायर्ड'च्या एकाही गाण्यावर रचनाकार म्हणून त्याचे नाव आले नाही. ही गोष्ट मुर्रीत आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एका सांगण्यात समजते. 'लोड'चे समजावून सांगणे अवघड जाते.

अल्बम सोडून बँडच प्रत्यक्ष पाहून यावा, असा मोह काहींना होतो. त्यांनी २०११ ची दिवाळी आठवावी. मेटॅलिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम २८ ऑक्टोबरला गुडगावला ठरला होता, आणि त्या दिवशी भाऊबीज होती. बहिणीचे ताट सोडून जो कोणी तिकडे गेला असेल, त्याला तिथे कार्यक्रम त्या दिवशी होणार नसल्याचे कळले; पुढे तो रद्दच झाला. काही प्रेक्षकांनी रागाने मंचाची मोडतोड केली. ३० ऑक्टोबरला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मात्र बँड वाजला आणि जोरात वाजला. दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, 'लुलू' बाजारात आला. आनंदाला एक रात्र मिळाली होती, असे म्हणता येईल.

आता प्रत्यक्ष रात्र. २०१५ पासून नवे अल्बम जगभर शुक्रवारी निघतात, आणि 'सेव्हंटी टू सीझन्स'चा शुक्रवार होता १४ एप्रिल २०२३. विदर्भात राहणाऱ्याला पुढचे सांगायला नको. तेराच्या रात्री बाराच्या ठोक्याला भीमजयंती सुरू होते: फटाके, निळे झेंडे, आणि छातीच्या पिंजऱ्यात उतरणारा डीजे. त्याच बाराच्या ठोक्याला मेटॅलिका. अशा वेळी इअरफोन खुपसून दार लावून बसणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि शेजारधर्मालाही. बाहेर जावे, जयंती साजरी करावी, आणि अल्बम दुसऱ्या दिवशी ऐकावा. आवाजाच्या बाबतीत मेटॅलिकाची हार झाली हे मोकळेपणाने कबूल करावे. 'डेथ मॅग्नेटिक'लाही ते जमले नसते.

ऐकण्याचे उत्तम स्थळ म्हणजे गोंदियाहून नागपूरला जाणारी गाडी. अल्बम सत्याहत्तर मिनिटांचा आहे, नागपूर यायच्या आत संपतो. गाडी आऊटरला उभी राहिलीच तर शेवटचे 'इनामोराटा' पुन्हा लावावे. अकरा मिनिटांचे हे बँडने स्वतः रचलेले सर्वांत लांब गाणे. ('लुलू' धरला तर नाही. त्यात एक एकोणीस मिनिटांचे आहे. पुन्हा तोच वाद.) वाटेत नावाचा अर्थ शेजारच्याला सांगायला हरकत नाही: आयुष्याची पहिली अठरा वर्षे, वर्षाला चार ऋतू, अठरा चोक बहात्तर. शेजारचा म्हणेल की आपल्याकडे सहा ऋतू असतात, म्हणजे एकशे आठ झाले पाहिजेत. तो बरोबर आहे. गोंदियाच्या उन्हाळ्याचा अनुभव असलेला तिसरा प्रवासी अठरा म्हणेल. त्याचेही ऐकून घ्यावे.

शेवटची सूचना नव्या भाविकांबद्दल. जुलै २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजले आणि रातोरात पोरासोरांना ते गाणे कळले. जुन्या चाहत्यांना हे झोंबले. बँडने मात्र त्या पोरांचे जाहीर स्वागत केले, त्यामुळे आपल्याला रागावायला तोंड उरले नाही. असा एखादा पोरगा मुर्रीतही भेटेल. त्याने आयुष्यात वाट पाहून मिळवलेला पहिला अल्बम 'सेव्हंटी टू सीझन्स' असतो. त्याची परीक्षा घेऊ नये, टी-शर्टाकडे बोट दाखवून तीन गाण्यांची नावे विचारू नयेत. पुढचा अल्बम येऊ द्यावा. तो आला की हाच पोरगा पानठेल्यावर एक पाय मागच्या भिंतीला लावून उभा राहील आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणेल, "भाऊ, सेव्हंटी टू सीझन्ससारखं नाही रायलं आता." त्याच्यासाठी एक चहा सांगावा आणि 'लुलू' धरतो का ते विचारावे.